मध्यम पातळी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भरतो आमचा स्पॅनिशचा वर्ग,
साडेपाच ते सात,
कारण दुसरी खोली रिकामी नसते.
ब्युरेटच्या रांगेमागे मुजावर सर.
मिरजेचे. अकरा वर्षं बोटीवर खानसामा.
व्हॅलेन्सियाच्या धक्क्यावर कांदे चिरता चिरता क्रियापदं शिकले,
म्हणून असेल,
अनियमित क्रियापद आलं की अजून डोळे पुसतात.

प्राथमिक पातळी सोपी होती:
माझं नाव, तुझं गाव, सफरचंद लाल.
मध्यम पातळीवर आल्या आल्या कळलं
की असणंच दोन प्रकारचं असतं.
सेर म्हणजे मुळात असणं,
एस्तार म्हणजे सध्या असणं.
बिरनाळेंच्या उत्कर्षाने विचारलं,
"सर, सांगली ओली आहे, यातलं आहे कुठलं?"
"एस्तार. ओल वाळते."
मागून तेजपाल पुटपुटला,
"आमच्या भिंती बघायला या."

संस्कृतीच्या धड्यात सिएस्ता आली.
दुपारी दुकानं बंद करून झोपतात म्हणे तिकडचे लोक.
आम्ही हसलो.
गणपती पेठेत दीड ते चार
कुत्रंसुद्धा शटरला टेकून स्पॅनिश होतं.

धडा नववा, स्वयंपाकघर:
हळदीला कुर्कुमा.
मी तो शब्द घरी नेला.
पप्पांनी स्वतःची नखं पाहिली,
तीस वर्षांच्या हळदबाजाराने रंगलेली,
म्हणाले, "नाव भारी आहे. भाव काय?"

आणि पाणी, आग्वा, स्त्रीलिंगी,
पण पुढे उभा राहतो पुल्लिंगी एल.
का, तर दोन आ एकमेकांवर आदळू नयेत.
आमच्याकडे पाणी ते.
ना बाई ना बुवा.
आलं की आलं.

मग आले दोन भूतकाळ.
एक, जे चाललेलं होतं त्याचा.
दुसरा, जे घडलं त्याचा.
"लहानपणीचा एक दिवस लिहा," सर म्हणाले,
"दोन्ही वापरा."

चौदा जण आम्ही.
चौदाच्या चौदा वह्यांत एकोणीस सालचा ऑगस्ट.
पाऊस पडत होता. वीज गेली.
आई पिठाचे डबे माळ्यावर चढवत होती. बोट आली.
म्हैस हंबरत होती. दावं कापलं.
सरांनी सगळ्या वह्या तिथेच उभ्याने वाचल्या,
लाल पेन खिशातून काढलं नाही.
बेसिनचा नळ ठिबकत होता.
हाही पहिलाच काळ.

माझ्या वहीत दोनच ओळी:
पप्पा गोदामाच्या दारात पोती मोजत होते,
पाणी पिवळं होत होतं.
खाली पान कोरं.
समासात सरांनी पेन्सिलीने लिहिलं, मग काय झालं?

ते मला स्पॅनिशमध्ये येत नव्हतं.
मराठीत मी कधी विचारलं नव्हतं.

तास संपता संपता त्यांनी फळ्यावर एक रचना लिहिली.
पेला पडला तर इंग्रजी म्हणते, मी पाडला.
स्पॅनिश म्हणते, से मे कायो.
पडला तो, आपला आपण; मी फक्त तिथे होतो.
"ही तुम्हाला काय शिकवायची," सर म्हणाले,
"हातून पडला म्हणतच जन्मलात तुम्ही."

सांगलीवाडीला घरी जाताना
आयर्विन पुलावर स्कूटर हळू घेतली.
नदी फार खाली होती,
खांबावरचे फुटांचे आकडे वरपर्यंत कोरडे,
इशारा पातळी, धोका पातळी,
मध्यम असं तिथे काही लिहिलेलं नाही.

पप्पा जागे होते.
"काय शिकलास?"
"पोती हातून गेली, हे कसं म्हणायचं ते."
पंखा फिरत होता.
"म्हण बघू."
"से ते फ्वेरोन."
त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं,
फ्वेला अडखळले,
चष्मा काढून गादीखाली सरकवला,
मग भिंतीकडे वळून म्हणाले,
"दोनशे अकरा."

मी तो आकडा स्पॅनिशमध्ये सांगायला गेलो.
दोनशेच्या वरचे आकडे प्राथमिकलाच झालेत,
तरी आठवला नाही.